मुंग्या लागलेला कणा

पुष्कळ काळ लोटला त्या गोष्टीला. इतका, की तेव्हा राज्य कोण करत होतं हे आता तिथल्या डोंगरांनाही सांगता यायचं नाही. त्या काळी एका सकाळी, एका अंगणात, लोखंडाला मुंग्या लागल्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? मुंग्या कशालाही लागतात. पण आठवून पाहा बरं. गुळाला लागतात, मेलेल्या भुंग्याला लागतात, झोपलेल्या बाळाच्या दुधाळ ओठांनाही लागतात. विळ्याला, नांगराच्या फाळाला, कुलपाला मुंग्या लागलेल्या कुणी पाहिल्यात का?

त्या अंगणात दोन ओंडक्यांवर एक लांब लोखंडी दांडा आडवा ठेवला होता. रथाचा कणा होता तो. ज्याच्या दोन टोकांवर चाकं फिरतात आणि रथातल्या माणसाचा सगळा भार जो पेलतो, तो कणा. जमिनीवरून निघालेली तांबड्या मुंग्यांची एक रांग ओंडक्यावर चढत होती, कण्यावरून चालत होती आणि बरोबर मधोमध, करंगळीएवढ्या जागेत येऊन थांबत होती. बाकी सगळा कणा त्यांनी सोडून दिला होता.

हे पाहिलं त्या घरच्या मुलीने. सडा घालायला आली होती ती. पाहिलं आणि तिच्या हातून तांब्या पडला.

तांब्या पडण्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. ती मुलगीच तशी होती. कडी वाजली की दचकायची, कावळा उडाला की दचकायची, स्वतःच शिंकून दचकायची. गावात कुणी मागून हळूच आलं आणि "काय गं?" म्हणालं, तर तिची घागर गेलीच म्हणून समजा.

"दादा," ती म्हणाली, "लोखंडाला मुंग्या लागल्यात."

भाऊ रथाच्या चाकाला वंगण लावत होता. त्याने मान वर केली नाही. "लागू दे. त्यांनाही कळलं असेल, किती गोड वस्तू आणलीय ती."

"अरे पण लोखंडाला?"

"आजचं दचकून झालं ना तुझं? आता सडा घाल."

आता हा दादा रथ कशासाठी सजवत होता आणि तो कणा आला कुठून, ते सांगते.

त्या राज्यात सात डोंगर होते आणि सातांच्या मधोमध एक दरी. दरी म्हणजे काय सांगू! काठावर उभं राहिलं की घारी खाली उडताना दिसायच्या. घारीची पाठ दिसायची हो, पोट नाही. तिथे गेलं की भांडणारी माणसं गप्प व्हायची, आणि रडणारी पोरं रडं विसरून बघत राहायची. सकाळी वारा पडला की अशी शांतता पसरायची, की पलीकडच्या कड्यावर कुणी खोकलं तर अलीकडे ऐकू यायचं. आणि अलीकडून कुणी हाक मारली, की दरी ती हाक क्षणभर तोंडात घोळवायची आणि जरा मोठी करून परत द्यायची.

दरवर्षी सुगी आटोपली की ह्या दरीच्या काठाने रथांची शर्यत निघे. वाटेत सात वळणं. सातवं वळण एवढं निमुळतं, की तिथे रथाचं एक चाक दगडावर फिरे आणि दुसरं जवळजवळ आभाळावर. जो पहिला येईल त्याने वर्षभर राजाचा रथ हाकायचा. दादाने पहिल्यांदा लगाम धरला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडायचे होते. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांसमोर तो एकच रथ होता.

आणि त्या शर्यतीची एक रीत होती. फार जुनी. ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

शर्यतीच्या सकाळी प्रत्येक रथाच्या चाकाखाली एक दगड लावत. सातही डोंगरांवरचे लोहार पलीकडच्या कड्यावर येऊन बसत. मग रथ हाकणाऱ्याची बहीण, बहीण नसेल तर आई, दरीच्या तोंडाशी उभी राहून कण्यावरची खूण सांगे आणि हाक देई, "हा कणा कुणाचा?" पलीकडून, ज्या लोहाराने तो घडवला असेल तो उठून ओ देई, "माझा!" मग बहीण चाकाखालचा दगड काढी.

माझा. एवढाच शब्द. पण त्यात सगळं आलं. हा मी घडवला. ह्याचं लोखंड कुठल्या खाणीतलं, हा किती पावसाळे चालला, कधी कुठे आपटला, ते मला ठाऊक आहे. आणि हा मोडला, तर माझ्या दाराशी या.

कड्यावर बसून एका लोहाराने दुसऱ्याच्या कामाला ओ द्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या कामाला नावही ठेवायचं नाही, अशी त्यांची आपसात शपथ होती.

पण पुढे पुढे लोकांना घाई झाली. कधी लोहाराला यायला उशीर व्हायचा, कधी ऊन चढायचं. मग बहिणीने हाक दिली आणि दरीने ती परत पाठवली, की लोक म्हणायचे, "दरीने ओ दिली! काढा दगड!" आणि काढायचे.

त्या वर्षी झालं असं, की शर्यतीला नऊ दिवस उरले असताना दादाच्या रथाचा कणा वाकला. दादा गावच्या लोहाराकडे गेला. हा लोहार म्हातारा होता, आणि दादाला तो पाळण्यात असल्यापासून ओळखत होता. तरी त्याने पहिलं काय विचारावं?

"बसणार कोण?"

"मीच, बाबा. दुसरं कोण?"

"ते दिसतंय. पण गेल्या वर्षीचा तू आणि आजचा तू एक नाहीस. ये, राखेवरून चाल."

भट्टीसमोर ओली राख पसरलेली असे. रथ हाकणाऱ्याला त्याच्यावरून चालवायचं आणि उमटलेली पावलं वाचायची, ही त्या लोहाराची पद्धत. तो गुडघ्यावर बसून दादाची पावलं बघत राहिला. कुणाचं पत्र आल्यासारखी. "उजव्या टाचेवर जोर देतोस. वळताना बाहेर झुकत असशील. उजवीकडे लोखंड जास्त लागेल तुला. चाळीस दिवस."

"चाळीस? बाबा, शर्यत नऊ दिवसांवर आलीय!"

"लोखंडाला सांग ते. माझं ऐकतंय, पण घाई केलेली त्याला आवडत नाही."

दादा हिरमुसून निघाला. आणि वाटेत, ओढ्याच्या कडेला, एका चिंचेखाली त्याला तो विकणारा भेटला.

विकणाऱ्याकडे दुकान नव्हतं, भट्टी नव्हती. एक गाढव होतं आणि गाढवावर तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक दांडा. मुलगी त्या वेळी दादाबरोबर होती. फडकं बाजूला झालं आणि, खरं सांगते, तिचासुद्धा श्वास अडकला. असा कणा तिने कधी पाहिला नव्हता. काळा, पण आत कुठेतरी निळा. टोकाकडे असा निमुळता होत गेलेला, जशी पाण्यात उडी घेणाऱ्या माणसाची बोटं. ज्या कुणी तो घडवला असेल त्याने तो लोखंडातून काढला नव्हता, लोखंडाला समजावून त्याच्याकडून मागून घेतला होता. दादाने हात पुढे केला आणि देवळात करतात तसा मागे घेतला.

"हा शर्यत जिंकलेला कणा आहे का?" त्याने विचारलं.

"शर्यत जिंकलेला कणा आहे," विकणारा म्हणाला.

"सातव्या वळणावर टिकेल?"

"सातव्या वळणावर टिकेल."

"तडाबिडा कधी गेला नाही ना?"

"तडाबिडा? कधी नाही!"

मुलगी हळूच म्हणाली, "दादा, ह्यांचं घर कुठे ते विचार ना."

विकणारा हसला. "घर ना? आहे की, पुढच्या गावी. बघून घ्या हो, पण जरा बिगीबिगी. नदीपलीकडचे दोघं हा न्यायला निघालेत. मी आपलं तुमचं तोंड बघून थांबलो."

त्याने रथ कसला ते विचारलं, शर्यत कधी ते विचारलं, बदल्यात काय द्याल ते तर दोनदा विचारलं. पण बसणार कोण, हे त्याने विचारलं नाही. मुलीच्या हे ध्यानात आलं, पण आलं ते घरी पोचल्यावर. भित्र्या माणसांचं असंच असतं. भीती आधी येते आणि तिचं कारण मागून धापा टाकत येतं.

दादाने घरची दुभती म्हैस दिली आणि कणा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुंग्या लागल्या.

सडा तसाच टाकून मुलगी ओंडक्यांपाशी बसली. दादा पाणी प्यायला आत गेला, तशी तिने मुंग्या फुंकून उडवल्या आणि त्या जागेवर नख ओढलं. नखात काळं आलं. मऊ, चिकट. तिने वास घेतला. मधाचा.

"दादा, हे बघ!"

"वंगण आहे ते."

"वंगणाला मधाचा वास?"

"तुझ्या नाकात मध गेलाय. अगं, जिंकलेला कणा आहे हा! तुला जिंकलेलं काही कधी बघायला मिळालं नाही, म्हणून कसंसंच होतंय."

कणा रथाला थोडा सैल बसत होता. दादाने चामड्याचे तुकडे ठोकून तो घट्ट केला आणि शीळ घालत घोड्यांना खरारा करायला गेला.

मुलगी पुन्हा कण्यापाशी गेली. लोहार आपली खूण कण्याच्या टोकाशी उठवतात, हे तिला ठाऊक होतं. ह्या कण्याच्या टोकाशी नुसती घासल्याची चमक होती. पण बोट फिरवलं तर काहीतरी लागत होतं, उरलंसुरलं. मग तिने एक गंमतच केली. घरात भाकरीचं पीठ मळलेलं होतं, त्यातला लिंबाएवढा गोळा आणला आणि त्या जागेवर दाबून धरला. गोळा उचलला, तर त्यावर पुसट एक चंद्रकोर उठली होती आणि तिच्या पोटात तीन ठिपके.

तो गोळा पदरात जपून ती लोहारबाबाकडे गेली. भट्टीतली ठिणगी उडाली तशी दारातच एकदा दचकली, मग आत गेली. मुंग्यांचं सांगितलं, मधाचं सांगितलं.

लोहाराने भाता थांबवला.

"पोरी, लोखंडाला मुंगी लागत नाही," तो म्हणाला. "लागली, म्हणजे तिथे लोखंड नाही. पोळ्यातलं कच्चं मेण घ्यायचं, त्यात काजळी आणि लोखंडाचा कीस कालवायचा आणि तड्यात भरायचं. वरून तेल फिरवलं की माझेही डोळे फसतील. मेण कच्चं असेल तर त्यात मधाचा अंश राहतो. तो माणसाला कळत नाही. मुंगीला कळतो."

मग तिने गोळा पुढे केला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि भट्टीच्या उजेडाकडे धरला. त्याच्या पापण्यांवर राख बसली होती, तीही त्याने झटकली नाही.

"चंद्रकोर नवऱ्याची," अखेर तो म्हणाला. "ठिपके बायकोचे. तो लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. सातही डोंगरांत दोघांची मिळून एक खूण असलेलं असं एकच घर. त्यांचं काम बघायला आम्ही उपाशीपोटी चालत जायचो, पोरी. घण पडायचा तर असं वाटायचं, की डोंगरच श्वास घेतोय. त्या घरचा भाता थंड झाला त्याला पुष्कळ वर्षं झाली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हातारी आहे म्हणतात अजून. दरीच्या पोटात राहते, पलीकडच्या अंगाला. कड्यावर येत नाही."

"बाबा, तुम्ही चला. तुम्ही दादाला सांगा."

लोहार आला. आला खरा, पण दादाने त्याला लांबून येताना पाहिलं आणि कण्यावर घोंगडी टाकली.

"बाबा, तुमच्याकडून घेतला नाही म्हणून राग आलाय तुम्हाला. कळतं मला."

"राग नाही रे. दोरीला टांगून एकदा ठोकू दे. अख्खं लोखंड घंटेसारखं बोलतं."

"आणि तुम्ही म्हणणार, बद्द बोललं. तुम्हाला चाळीस दिवसांचं काम हवंय."

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, की मुलीने मान खाली घातली. जाताना तो तिच्यापाशी थांबला. "शर्यतीच्या दिवशी मी कड्यावर असेन, पण मला बोलता यायचं नाही. तिथे बसून दुसऱ्याच्या कामाविषयी तोंड उघडायचं नाही, शपथ आहे. पण दगड तुझ्या हातात आहे, पोरी. हाक नीट दे."

शर्यतीची सकाळ उजाडली.

सातही डोंगर उन्हात असे उभे होते, जणू त्यांनाही कुणी बसायला सांगितलं नव्हतं. दरीत धुकं भरलेलं होतं, काठोकाठ, आणि ते एवढं स्थिर होतं, की त्याच्यावर पाऊल टाकावं असं वाटे. पलीकडच्या कड्यावर लोहार बसले होते, मुंगीएवढे दिसत होते. अलीकडे अकरा रथ, बावीस घोडे, आणि माणसं तर किती! आणि एवढी माणसं असून सगळी हळू बोलत होती. त्या जागेचा दराराच तसा.

एकेक बहीण पुढे होत होती. हाक जात होती, पलीकडून "माझा!" येत होतं, दगड निघत होते. प्रत्येक "माझा!" दरीतून येताना मोठा होऊन यायचा आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहायचा.

मग हिची पाळी आली.

शिंग फुंकणारे मामा, म्हणजे शर्यत सुरू करून देणारे, मिशीला पीळ देत म्हणाले, "चल गं, बाय. आवाज निघतोय ना?"

लोक हसले. दादा रथात उभा होता. नवा फेटा, हातात लगाम, आणि खाली तो काळा-निळा कणा, चकाकणारा. घोडे उगाच पाय आपटत होते.

मुलगी काठावर उभी राहिली. खाली एक घार धुक्यातून वर आली, आणि ती दचकली. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"चंद्रकोर आणि तीन ठिपके! हा कणा कुणाचा?"

दरीने हाक घेतली. घोळवली. कुणाचा... कुणाचा... कुणाचा... सातही डोंगर एकामागून एक विचारत गेले आणि गप्प झाले.

"दरीने ओ दिली!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "काढ दगड!"

"दुसरी हाक देते," मुलगी म्हणाली.

दुसरी दिली. कुणाचा... कुणाचा... पलीकडच्या कड्यावर एकही लोहार उठला नाही. एक म्हातारा मात्र आपल्या जागी अस्वस्थ हलला, आणि तो कोण, हे तिला एवढ्या लांबूनही कळलं.

आणि त्या क्षणी तिला चिंचेखालचा विकणारा आठवला. शर्यत जिंकलेला कणा आहे का? शर्यत जिंकलेला कणा आहे. वळणावर टिकेल? वळणावर टिकेल. त्याने एकही शब्द स्वतःचा दिला नव्हता. दादा जे टाकत होता तेच तो परत करत होता, ह्या दरीसारखा. आणि दादाला वाटलं, आपल्याला उत्तर मिळालं.

ती मटकन चाकापुढे, त्या दगडावरच बसली.

"अगं, हे काय?" मामा म्हणाले. "दरीने ओ दिली की!"

"दरीने माझंच मला परत दिलं, मामा. ओ नाही आली."

"आता सगळे दरीवरच सोडतात, बाय. ऊन चढतंय."

"हिला आणलं कुणी?" एक बाई म्हणाली. "फुलपाखराला भिणारी ही!" पुन्हा हशा.

दादा रथातून वाकला. त्याचा आवाज खाली उतरला होता, पण दात आवळलेले. "ऊठ."

"नाही."

"सगळ्यांसमोर माझं हसं करतेस. जन्मभर कावळा उडाला तरी दचकत आलीस आणि आज बरी घट्ट बसलीस!"

"आजही दचकतेय, दादा. बघ, हात बघ माझे."

त्याने बघितले. ते खरंच थरथरत होते. त्याने लगाम मुठीत आवळला. मग म्हणाला, "माझी शपथ आहे तुला. ऊठ."

"तुझीच आहे, म्हणून तर उठत नाही."

मामांनी शिंग कमरेला खोचलं आणि ते दगड काढायला पुढे झाले. "तिसरी हाक दे आणि हो बाजूला. तीन हाकांपलीकडे द्यायची रीत नाही."

तिने बसल्या बसल्याच तिसरी हाक दिली. आवाज चिरला. कुणाचा... कुणाचा... ह्या वेळी डोंगरांनीही अर्ध्यात सोडून दिली.

मामांचा हात दगडाला लागला.

तेव्हा मुलगी उठली. दगड सोडून नाही, एक पाय त्याच्यावर ठेवून. आणि तिने चौथी हाक दिली. चौथी हाक त्या राज्यात आजवर कुणी दिली नव्हती. तिचे शब्दही ठरलेले नव्हते.

"अहो, घण मारणाऱ्या आई! तुम्ही असाल तर ओ द्या हो! माझा भाऊ आहे ह्याच्यावर! माझा एकुलता एक भाऊ आहे!"

दरीने ती हाक घेतली. आणि नवल असं, की परत दिली नाही. की दिली असेल, पण कुणाला ऐकू आली नाही, कारण सगळी गर्दी श्वास धरून उभी होती. घोड्यांनी कान टवकारले. धुकं मधोमध हललं. जणू खालून कुणीतरी ते हाताने बाजूला सारत होतं.

पलीकडच्या कड्यावरचे लोहार उठले. सगळे. ते दरीकडे वळून, हात जोडून, दोन बाजूंना होत होते, आणि त्यांच्या मधल्या वाटेने काहीतरी लहानसं, वाकलेलं, काठी टेकत वर येत होतं.

"माझाऽऽ!"

तो आवाज मुलीचा नव्हता, दरीचाही नव्हता. म्हातारा होता, भात्यासारखा धापा टाकणारा होता, पण घण पेललेल्या छातीतून आलेला होता. सातही डोंगरांनी तो उचलला. माझा... माझा... माझा... मामांचा हात दगडावरून आपोआप मागे आला.

"माझा आणि माझ्या धन्याचा तो! तडा गेलाय त्याला, पोटात! माझं पोर गेलं त्याच्यावर, सातव्या वळणाला! मी ह्या हातांनी दरीत फेकला होता तो! कुणी काढला वर?"

कोण बोलणार? बोलायला हवा होता तो माणूस गाढवासकट कुठल्या कुठे गेला होता.

म्हातारीने श्वास घेतला. तोही अलीकडे ऐकू आला. मग तिचा आवाज बदलला. खाली आला, मऊ झाला, आणि तिने तेच विचारलं, जे विकणाऱ्याने विचारलं नव्हतं.

"बसलंय कोण त्याच्यावर? ... उतर रे, बाळा. उतर खाली."

दादाच्या हातातला लगाम सैल झाला. घोड्यांना धक्का लागू नये अशा बेताने, एक एक पाऊल जपत, तो रथातून खाली उतरला आणि बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

ज्यावर आपला जीव ठेवायचा, ती वस्तू घेण्याआधी तिच्यासाठी ओ देणारा माणूस शोधावा; आपलाच शब्द परत आला, म्हणजे उत्तर मिळालं असं समजू नये.